बरन : खडकावरचं कुरण

शुक्रवार

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गॉलवे शहरातून दक्षिणेला निघालं की किनव्हारा हे बंदराचं गाव लागतं आणि तिथून थोड्याच वेळात काउंटी क्लेअरची हद्द सुरू होते. तोवर सगळं हिरवंगार होतं. मग डाव्या हाताला डोंगर उभे राहिले ते चक्क राखाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत उघड्या दगडाच्या पायऱ्या चढवल्यासारखे. उजव्या हाताला गॉलवेची खाडी. माझी धाकटी बहीण गॉलवेत राहते, गाडी तीच चालवत होती. "ताई, हेच बरन," ती म्हणाली आणि तिने गाडी बाजूला घेतली, कारण मला उतरायचंच होतं.

बरन म्हणजे क्लेअरच्या उत्तर भागातला चुनखडीच्या खडकाचा प्रदेश. तेहतीस कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताजवळच्या उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी होती. शिंपले, प्रवाळ आणि असंख्य बारीक जीवांचे सांगाडे तिथे साठत गेले आणि शेकडो मीटर जाडीचा खडक तयार झाला. नंतर हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड थरांनी वरची माती आणि ठिसूळ दगड खरवडून नेला. बर्फ वितळल्यावर उरलेल्या खडकाला पावसाचं पाणी विरघळवत राहिलं. पाण्याने रुंदावलेल्या खडकातल्या भेगा काही ठिकाणी माणसाच्या उंचीइतक्या खोल आहेत. दोन भेगांच्या मध्ये सपाट लादी, पुन्हा भेग, पुन्हा लादी, असं कोसभर चाललेलं असतं.

संध्याकाळी बेल हार्बरजवळच्या दरीत कोरकमरोचा मठ पाहिला. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी तो १२०० च्या आसपास बांधला. त्याचं लॅटिन नाव आहे ‘सुपीक खडकाची पवित्र मरियम’. आता छत फक्त वेदीवर उरलंय, बाकी भिंती आणि आकाश. मला सगळ्यांत आवडली ती खांबांच्या माथ्यावरची कोरीव फुलं. नुसतं नक्षीकाम नाही ते, खसखशीची बोंडं ओळखू येतात. कोरणाऱ्याने आजूबाजूला काय उगवतं ते नीट पाहिलेलं होतं. वेदीच्या बाजूला कोनाड्यात १२६८ मध्ये लढाईत मारला गेलेला राजा कॉनर ओब्रायन दगडात आडवा झोपलेला आहे. वेदीकडचं काम जितकं देखणं, तितकंच दाराकडचं साधं आणि घाईचं. पैसा मध्येच आटला असावा, असं अभ्यासक म्हणतात आणि भिंती पाहून ते पटतं.

मुक्काम बॅलिव्हॉनला. रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता.

शनिवार

बॅलिव्हॉनहून दक्षिणेला वर चढलं की पठार लागतं आणि रस्त्यापासून जवळच पॉलनाब्रोनची प्राचीन कबर आहे. दोन उभे दगड, त्यांच्यावर तिरकी ठेवलेली एक मोठी पातळ शिळा, आणि चहूबाजूंना लाद्याच लाद्या. छायाचित्रांत ही शिळा फार मोठी वाटते. प्रत्यक्षात ती माणसाच्या उंचीचीच आहे आणि त्यामुळेच ती मला जास्त भिडली, कारण ती माणसांनी उचलून ठेवली हे समोर दिसतं.

१९८५ मध्ये एका उभ्या दगडाला तडा गेल्याचं लक्षात आलं. दुरुस्ती करायची म्हणून १९८६ मध्ये पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन लिंच यांनी आत उत्खनन केलं. तीसहून अधिक माणसांची हाडं मिळाली, पुरुषांची, बायकांची, मुलांची. इसवी सन पूर्व ३८०० ते ३२०० या काळात, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं, इथे माणसं पुरली जात होती. मान आणि खांद्यांच्या सांध्यांची झीज सांगते की ही माणसं डोक्याखांद्यावर ओझी वाहत. एकाच्या कमरेच्या हाडात दगडी टोक रुतून राहिलेलं होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात इथल्या एका तान्ह्या मुलाला डाउन सिंड्रोम असल्याचं दिसलं. जगात आजवर सापडलेल्या अशा उदाहरणांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक. ते बाळ सहा महिन्यांचं होऊन गेलं. आईचं दूध पाजलं गेल्याच्या खुणाही त्याच्या हाडांत मिळाल्या, आणि मोठ्यांच्या बरोबरीने, याच शिळेखाली, त्याला ठेवलं गेलं. मी तिथे बराच वेळ उभी होते. पर्यटकांच्या बसा येत होत्या, फोटो काढून जात होत्या.

ही कबर बांधली तेव्हा हा प्रदेश असा उघडा नव्हता. तळ्यांच्या गाळातले परागकण सांगतात की इथे पाइन आणि हेझल या झुडपाचं रान होतं. पहिल्या शेतकऱ्यांनी झाडं तोडली, गुरं चारली, आणि उतारावरची पातळ माती पुढच्या शतकांत पावसाबरोबर भेगांत उतरली. आज दिसणारं बरन हे बर्फाचं काम आहे तितकंच माणसांचं आणि गुरांचंही. हे मनात ठेवूनच बाकीचे दिवस मी पाहत गेले.

पुढे कॅहरकॉनेलचा दगडी कोट. साधारण बेचाळीस मीटर व्यासाचं वर्तुळ, तीन मीटर जाडीची भिंत, सगळी कोरड्या रचाईची, चुना नाही की माती नाही. दहाव्या शतकात बांधलेल्या या कोटात पुढे कित्येक शतकं माणसं राहत होती. बरनमध्ये असे कोट शेकड्यांनी आहेत. बहुतेक सगळे कुटुंबाचं घर आणि गुरांची राखण एकाच वेळी करणारे. त्या काळच्या आयर्लंडमध्ये संपत्ती गाईंतच मोजत. कर्जं, दंड, वधूचं देणं, सगळं गाईंच्या हिशेबात.

दुपारनंतर कॅरनला गेलो. तिथे एक विस्तीर्ण खोलगट मैदान आहे, त्याला टर्लोक म्हणतात. पावसाळी दिवसांत खालच्या भेगांतून पाणी वर येतं आणि मैदानाचं तळं होतं. उन्हाळ्यात तेच पाणी त्याच भेगांतून खाली निघून जातं आणि तळ्याच्या जागी गवत उगवतं. ना नदी आत येते ना ओढा बाहेर जातो. आम्ही गेलो तेव्हा मधे थोडं पाणी शिल्लक होतं, कडेला गाई चरत होत्या. मैदानातून एक गडगा गेलेला होता. त्याच्या दगडांवर खालच्या बाजूने काळं, खरखरीत शेवाळ चढलेलं होतं आणि माझ्या छातीच्या पातळीवर ते एकदम थांबलेलं होतं, पाणसळीने रेघ मारावी इतकं सरळ. रेघेच्या वर दगड पांढरट, कोरडा. हिवाळ्यात पाणी कुठवर येतं ते या शेवाळावरून कळतं, शेतकरी तेच पाहतात. मी हात लावून पाहिला तर शेवाळ उन्हाने कडक झालं होतं, पण खालचा दगड गार होता.

मी राजापूरकडची, सड्यावर वाढलेली. आमच्याकडेही जांभ्याचा सडा आठ महिने काळा, कोरडा असतो आणि पावसाळ्यात त्यावर फुलांची गर्दी होते. सातबाऱ्यावर मात्र त्याची नोंद पोटखराबा. कागदावर ज्या जमिनीला किंमत नाही तिथे काय काय जगतं हे ज्याने पाहिलंय त्याला बरन लगेच आपलं वाटतं.

रविवार

दिवसभर पाऊस. किनाऱ्याच्या रस्त्याने ब्लॅक हेडला वळसा घालून फॅनोरपर्यंत गेलो. समोरची आरन बेटं पावसात हरवली होती. तीही याच चुनखडीची, समुद्राने तोडलेला बरनचाच भाग.

ब्लॅक हेडच्या उतारावर खडकावर सुटे धोंडे पडलेले आहेत, आणि त्यांतले काही ग्रॅनाइटचे आहेत. ग्रॅनाइट इथला नाही, तो खाडीपलीकडचा. बर्फाने तो उचलून आणला आणि वितळताना इथेच टाकला. एका धोंड्याखाली वाकून पाहिलं. तो चुनखडीच्या बुटक्या चौथऱ्यावर बसलाय असं वाटत होतं. धोंड्याने खालचा खडक पावसापासून झाकला, आजूबाजूचा मात्र हजारो वर्षांत झिजून खाली गेला. जेवढा चौथरा उंच तेवढी झीज.

फॅनोरला काहर नदी समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत जमिनीवरून वाहणारी अख्ख्या बरनमधली ही एकच नदी. बाकी सगळं पाणी खडकाच्या पोटात. इतका पाऊस पडत असून रस्त्याकडेच्या लाद्यांवर डबकं साचत नव्हतं. पाणी पडत होतं आणि भेगांत उतरून जात होतं.

पाऊस थोडा उघडला तशी मी एका भेगेत डोकावले. आत हंसराज. आपल्याकडे विहिरीच्या आतल्या बाजूला, ओलाव्याला वाढतो तोच नेचा, काळ्या दोऱ्यासारखे देठ, पंख्यासारखी नाजूक पानं. आणि तिथून हातभर अंतरावर, वरच्या लादीवर, माउंटन अव्हेन्सची पांढरी फुलं. हे झाड ध्रुव प्रदेशातलं आणि आल्प्सच्या उंचीवरचं. उबेचं आणि थंडीचं, दोन्हीकडची झाडं इथे समुद्रसपाटीजवळ शेजारी शेजारी राहतात. भेगेत वारा लागत नाही, ओल टिकते, खडक उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो. वर उघड्यावर माती इतकी थोडी की आडदांड गवताला तिथे फोफावता येत नाही, म्हणून लहान झाडांना जागा मिळते. आयर्लंडचा जेमतेम एक टक्का भूभाग, पण देशातल्या देशी वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास जाती इथे सापडतात.

सोमवार

आजचा दिवस इतिहासाचा, आणि जड गेला.

आधी लेमनेचा वाडा. पंधराव्या शतकातला निरुंद बुरूज, आणि १६४८ च्या सुमारास त्याला जोडलेलं मोठ्या खिडक्यांचं चार मजली घर. छप्पर गेलंय. जागा खाजगी शेतात आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहायचा. इथे कॉनर ओब्रायन आणि त्याची बायको मॉरा रूआ राहत. तिच्या लाल केसांवरून हे नाव पडलं. १६५१ मध्ये आयर्लंड जिंकायला आलेल्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याशी लढताना कॉनर मारला गेला. त्यानंतर मॉराने क्रॉमवेलच्याच सैन्यातल्या जॉन कूपर नावाच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. मुलाच्या नावावरची जमीन जप्त होऊ नये म्हणून तिने हे केलं, असं मानतात. तिच्याबद्दल क्रौर्याच्या पुष्कळ दंतकथा सांगतात. मला त्यांत रस नाही. जमीन वाचवणाऱ्या विधवेबद्दल गावं काय काय बोलतात ते मी घरच्या गोष्टींतही ऐकलेलं आहे.

त्याच मोहिमेत एडमंड लडलो हा सेनापती बरनमधून गेला. त्याचं एक वाक्य इथे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे : माणसाला बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही असा हा मुलूख. पण त्याने त्याला जोडूनच पुढे आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली, ती फार थोडे सांगतात. तो म्हणतो, असं असूनही इथली गुरं चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांच्या मधल्या दोन-तीन फूट लांबी-रुंदीच्या मातीच्या तुकड्यांत वाढणारं गवत गोड आणि पौष्टिक आहे. मुलूख उद्ध्वस्त करायला आलेल्या शत्रूलाही ते गवत दिसलं होतं. पर्यटनाच्या पाट्यांवर पहिलंच वाक्य का छापतात कोण जाणे. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

किलफेनोराला बाराव्या शतकातले उंच दगडी क्रूस पाहिले. डोर्टी क्रूस त्यांतला सर्वांत बारीक कामाचा. पाऊस-वाऱ्याने झिजू नयेत म्हणून काही आता काचेच्या छताखाली आणून ठेवलेत. तिथून एनिसटायमन.

एनिसटायमनला गरिबांसाठी सरकारी वर्कहाउस होतं, म्हणजे कामाच्या बदल्यात अन्न आणि आसरा देणारी जागा. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि सलग काही वर्षं पीक सडत गेलं. इथल्या कुळांच्या घरात बटाट्याशिवाय दुसरं अन्नच नव्हतं, बाकी पिकलेलं सगळं खंडापायी जमीनदाराकडे जाई. देशभरात सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, तेवढीच देश सोडून गेली. काउंटी क्लेअरची लोकसंख्या १८४१ मध्ये २ लाख ८६ हजार होती, १८५१ मध्ये २ लाख १२ हजार. २०२२ च्या जनगणनेत ती १ लाख २८ हजारांच्या आसपास भरली. गेलेला माणूस इथे पुन्हा भरून आलाच नाही. पठारावर रानात पडकी घरं दिसतात, चार भिंती आणि चुलीची जागा, ती बरीचशी त्या काळातली. बॅलिव्हॉनजवळच्या कॉर्कस्क्रू टेकडीचा नागमोडी रस्ता दुष्काळी कामावर बांधला गेला असं सांगतात. उपाशी माणसांकडून दगड फोडून घेण्याची ही तऱ्हा आपल्याला नवीन नाही. या दुष्काळासाठी सुरुवातीच्या काळात परदेशातून जी मदत गोळा झाली, त्यात कलकत्त्याहून पाठवलेला निधी होता, हेही इथे नोंदवून ठेवते.

गावाबाहेर लाहिंचच्या रस्त्याला १९९५ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. वर्कहाउसच्या बंद दारासमोर एक लहान मूल उभं आहे. त्यामागे खरी चिठ्ठी आहे, फेब्रुवारी १८४८ ची. लाहिंचचा मायकेल राइस, वय सुमारे चार वर्षं, बाप मागच्या वर्षी वारला, आई बुधवारी रात्री वारली, तिला पेटीशिवाय पुरायची वेळ आली आहे. मूल दाराशी आहे, आत घेतलं नाही तर उपाशी मरेल. एवढाच मजकूर. शेजारच्या जमिनीत वर्कहाउसमध्ये मेलेल्यांना खुणेशिवाय पुरलेलं आहे. बहीण गाडीत जाऊन बसली. मी चिठ्ठी पुन्हा वाचली.

मंगळवार

कोरोफिनच्या बाजूने मुल्लामोरला. बरनच्या राष्ट्रीय उद्यानाचा हा मुख्य डोंगर. उंची दोनशे मीटरच्या आतच, पण खडकाचे थर असे वाकलेत की डोंगर गोल फिरवल्यासारखा दिसतो. पायथ्याशी तळं. नव्वदच्या दशकात हा डोंगर देशभर गाजला. १९९१ मध्ये सरकारने इथेच पर्यटक केंद्र बांधायचं जाहीर केलं, बांधकाम सुरूही झालं. गावात उभी फूट पडली, कारण काहींना रोजगार हवा होता आणि काहींना डोंगर तसाच राहायला हवा होता. १९९३ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं आणि २००० मध्ये परवानगी कायमची नाकारली गेली. आज तिथे वाहनतळही धड नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो, पण ज्यांचा रोजगार गेला त्यांचंही ऐकायला हवं होतं असंही वाटतं.

चढताना पायाखाली जेन्शियन. नखाएवढं फूल, पाच पाकळ्या, मध्ये पांढरा ठिपका, आणि निळा रंग असा गडद की कॅमेऱ्यात धड येतच नाही. बोटभर गवतात ते सरळ जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं. मे संपता संपता बहर ओसरतो.

दुपारी बहिणीच्या ओळखीच्या एका शेतकरीण बाईंकडे गेलो. साठीच्या आसपासच्या, चिखलाचे बूट, शेतातल्या कामातूनच आमच्याशी बोलायला आल्या. मी विचारलं, वर डोंगरावर एकही गाय कशी नाही?

"आत्ता का असेल?" त्या म्हणाल्या. "ती वर जाते हिवाळ्यात."

जगात बहुतेक डोंगराळ भागांत गुरं उन्हाळ्यात वर आणि थंडीत खाली. इथे उलटं. ऑक्टोबरअखेर गुरं डोंगरावर चढवतात आणि एप्रिलअखेर खाली आणतात. वरच्या कुरणाला आणि या पद्धतीलाही विंटरेज म्हणतात. उन्हाळाभर तापलेला खडक हिवाळ्यात ऊब सोडत राहतो, त्यामुळे गवत मरत नाही. पायाखाली खडक, म्हणून चिखल होत नाही आणि गुरांना बसायला कोरडी जागा मिळते. चुन्याचं पाणी आणि चुन्याचं गवत, त्यामुळे हाडं भक्कम होतात. आणि हिवाळाभर गुरांनी जुनं वाळलेलं गवत खाऊन टाकलं की वसंतात फुलांना उजेड मिळतो. फुलं येतात तेव्हा गुरं खाली, म्हणून ती खुडलीही जात नाहीत. सकाळी मी पाहिलेलं प्रत्येक जेन्शियन बाईंच्या आणि शेजाऱ्यांच्या गाईंच्या हिवाळी चराईवर उगवलेलं होतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून हे मोडायला लागलं. मोठ्या, जड जातीच्या गाई आल्या, त्यांना गोठा आणि मुरघास लागतो. घरातला माणूस शहरात नोकरीला, मग डोंगरावर रोज फेरी कोण मारणार? चराई थांबली तिथे हेझलचं झुडूप माजलं आणि काही वर्षांत लाद्या, फुलं सगळं त्याखाली गेलं. आधी निसर्गप्रेमींना वाटे की शेतकऱ्यांना बाहेर काढलं की बरन वाचेल. ब्रेंडन डनफर्ड यांच्यासारख्या संशोधकांनी शेतांवर राहून दाखवून दिलं की गोष्ट उलटी आहे, शेतकरी गेला तर बरन जाईल. त्यातून २००५ मध्ये बरनलाइफ हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे त्याची मोठी योजना झाली. दर कुरणाला दरवर्षी दहापैकी गुण देतात. गवत किती खाल्लं गेलंय, झुडपं किती वाढलीयत, पाण्याच्या झऱ्यापाशी घाण आहे का. गुण जास्त तर पैसे जास्त. कसं करायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. २०२३ पासून इथले शेतकरी नव्या राष्ट्रीय योजनेत गेलेत, गुणांची पद्धत तिथेही आहे.

"आधी मला कोणी फुलांबद्दल विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता माझ्या कुरणाला आठ मिळाले की शेजारी विचारतो, काय केलंस?"

त्यांनी आम्हांला वर नेलं. दाट हेझलमधून माणसाच्या रुंदीची वाट बेणून काढलेली होती, बुंधे जमिनीलगत कापलेले, फांद्या कडेला रचलेल्या. सगळी झुडपं त्या काढत नाहीत. गाय पलीकडच्या कुरणावर पोहोचेल एवढीच वाट मोकळी करतात, पुढचं काम गाय करते. वाटेच्या शेवटी पाण्याची टाकी आणि सौर पंप, कारण वर झरे थोडे आणि गुरं पाण्याभोवतीच घुटमळली तर बाकीचं गवत तसंच राहतं. एका ठिकाणी गडग्याचे चार दगड पडले होते. बोलता बोलता त्यांनी ते उचलून परत लावले. दगड हातात फिरवून पाहायचा, बसत नसेल तर दुसरी बाजू, आणि फटी तशाच ठेवायच्या, वारा आरपार जायला हवा.

पुढची पिढी हे करणार का, असं मी विचारलं. त्यांचा मुलगा लिमरिकला नोकरी करतो, शनिवार-रविवारी येतो. त्या म्हणाल्या की गुरं तो राखेल, पण रोज वर चढून जाण्याचं कोणाला जमेल ते सांगता येत नाही. कुरणाचे पैसे पंप, टाक्या आणि बेणणी यांना पुरतात, माणसाच्या वेळेला पुरत नाहीत.

ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी बरनबिओ ही संस्था इथे विंटरेजचा उत्सव भरवते. त्यात एखाद्या शेतकऱ्याची गुरं डोंगरावर नेताना गावकरी आणि पाहुणे मागून चालतात. बाईंनी बहिणीला बोलावून ठेवलंय. मे महिन्यात फुलं पाहायला येणाऱ्यांनी जमल्यास त्याही वेळी जावं. मुक्काम बॅलिव्हॉन किंवा कोरोफिनला करावा, गमबूट न्यावेत, आणि गुरांच्या पुढे चालू नये.